तळोज्याच्या वर्गातला आशिया

महाराष्ट्राच्या शालेय अभ्यासक्रमात आशिया सलग कुठेच भेटत नाही. सहावीच्या इतिहासात ‘प्राचीन भारत आणि जग’ असा एक पाठ येतो, नववीच्या राज्यशास्त्रात परराष्ट्र धोरण आणि शेजारी देश येतात, भूगोलात मोसमी वारे येऊन जातात. हे तुकडे जोडण्याचे काम वर्गातल्या शिक्षकावर पडते, आणि ते कसे करायचे हे त्याला बी.एड.च्या वर्षांत फारसे कोणी सांगितलेले नसते. माध्यमिक शिक्षकांना इंटरनेटच्या आधारे आशिया शिकवण्याचे रीतसर प्रशिक्षण द्यावे, ही मागणी यातून निघते. तिच्यावरचे आक्षेप ठरलेले आहेत. विषय दूरचा आहे, त्याला परीक्षेत गुण नाहीत, माहिती तर मोबाइलवर आहेच, ऑनलाइन प्रशिक्षणे आधीच पुष्कळ झाली, मराठी शाळेला इंग्रजी साधने झेपत नाहीत आणि शिक्षकाला वेळ नाही. यांतला शेवटचा आक्षेप खरा आहे, भाषेचा अर्धा खरा. बाकीचे पनवेलजवळच्या तळोज्यातल्या एखाद्या शाळेच्या गच्चीवर उभे राहून पाहिले तर टिकत नाहीत.

आधी अंतराचे. मुंबईहून सरळ रेषेत मोजले तर ओमानची राजधानी मस्कत कोलकात्यापेक्षा थोडी जवळच पडते. कोकणपट्टीला हे कधी मोजून दाखवावे लागले नाही. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक नोंदवहीत कल्याण, सोपारा आणि चौल ही बंदरे आहेत. दहाव्या शतकात अरब प्रवासी अल् मसूदी चौलला येऊन गेला, पंधराव्या शतकात रशियन व्यापारी अफनासी निकितीन होर्मुझहून निघून चौललाच उतरला. कान्हेरीच्या लेण्यांत इसवी सन १००९ आणि १०२१ मध्ये आलेल्या पारशी प्रवाशांनी पहलवीत आपली नावे कोरून ठेवली आहेत. ही यादी पाठ करून घेण्यासाठी नाही. ज्या किनाऱ्यावर शाळा उभी आहे त्या किनाऱ्याला आशिया परका म्हणणे इतिहासाला धरून नाही, एवढे तिच्यावरून कळते.

आजचे तळोजे तर आशियाने वेढलेले आहे. पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीतल्या या गावात जुनी आगरी-कोळी वस्ती, कोकणी मुस्लिम मोहल्ले, औद्योगिक वसाहत आणि सिडकोच्या उंच इमारती एकमेकांना खेटून आहेत. १७ नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर मेट्रो धावू लागली. पेठाली-तळोजा स्थानकावर मुले ज्या डब्यांत चढतात ते डबे चीनच्या हुनान प्रांतातल्या झुझोउ शहरातल्या कारखान्यात बनले. जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला शिवडी ते न्हावा शेवा हा सागरी सेतू जपानच्या कर्जातून उभा राहिला. न्हावा शेवा बंदरातली टर्मिनले चालवणाऱ्यांत दुबईची डीपी वर्ल्ड आणि सिंगापूरची पीएसए या कंपन्या आहेत. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. आता परदेशाला निघालेल्या नातेवाइकाला सोडायला मुंबईच्या सहार विमानतळापर्यंत जावे लागण्याचे दिवसही सरत चालले आहेत.

यंत्रांहून जवळची गोष्ट माणसांची. रायगडच्या कोकणी मुस्लिम कुटुंबांतली माणसे पिढ्यान्‌पिढ्या कुवेत, सौदी, कतार, दुबईला नोकरीला जात आली आहेत. अशा घरातल्या मुलीला रियाधचा उन्हाळा, तिथला पगार, व्हिसाची मुदत आणि ‘कफील’ (व्हिसा पुरवणारा मालक) या शब्दाचा धाक घरच्या बोलण्यातून ठाऊक असतो. पनवेल शहरात बेने इस्राएल या ज्यू समाजाचे बेथ एल प्रार्थनास्थळ आहे. या मराठीभाषक समाजातले बहुसंख्य लोक १९४८ नंतर इस्राएलला गेले आणि तिथे त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवले. म्हणजे पश्चिम आशियाच्या एका टोकाला मराठी वाचली जाते आणि दुसऱ्या टोकाहून आलेल्या पैशातून तळोज्यातले घर बांधले जाते. हे सारे वर्गात बसलेले असते आणि वर्गात त्याला ज्ञान म्हणून कोणी मोजत नाही. आशिया म्हणजे चीन-जपान ही सवय इथे पहिल्याच तासाला मोडायला हवी. ती मोडायची तर शिक्षकाला घरची माहिती आणि पुस्तकातला पाठ यांच्यामध्ये पूल बांधता आला पाहिजे. हा पूल बांधण्याचे कौशल्य उपजत नसते. प्रशिक्षणाची मागणी नेमकी इथून सुरू होते.

परीक्षेत गुण नाहीत, हा दुसरा आक्षेप. त्याचे उत्तर दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकातच आहे. २०१८ मध्ये आलेले हे पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत भारत आणि ब्राझील यांची तुलना करत जाते. महाराष्ट्रातल्या बहुतेक शिक्षकांनी ब्राझील पाहिलेला नव्हता, पोर्तुगीज येत नव्हते, गावात ब्राझीलला जाऊन आलेला माणूसही नव्हता. तरी त्यांनी ॲमेझॉनच्या खोऱ्याच्या चित्रफिती शोधल्या, उपग्रहाचे नकाशे उघडले, मानाउस शहर कुठे आहे ते मुलांना दाखवले. पुस्तकाची कल्पना चांगली होती आणि शिक्षकांनी ती निभावली. पण मग अनोळखी देश मराठी शिक्षकाला शिकवता येत नाही, हे म्हणणे मागे घ्यावे लागते. अटलांटिकपलीकडचा देश जमला, तर तांदूळ, पूर, गिरण्या आणि स्थलांतर या चारही बाबतींत कोकणाशी बोलू शकणारा बांगलादेश का जमू नये? गुणांचा प्रश्न उरतो तो व्यवस्थेचा. दहावीच्या सामाजिक शास्त्रांत इतिहास-राज्यशास्त्राला ४०, भूगोलाला ४० आणि अंतर्गत मूल्यमापनाला २० गुण आहेत. या शेवटच्या वीसांत अशा कामाला जागा करून देणे मुख्याध्यापकाच्या आवाक्यातले आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो आणि सर्वांत जास्त नुकसान करतो. माहिती मोबाइलवर आहे, भिंतीवर डिजिटल फळा आहे, पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आहेत, मग शिक्षकाला वेगळे काय शिकवायचे? हा प्रश्न विचारणारे लोक माहिती आणि अध्यापन यांत गल्लत करतात. ती कुठे होते हे एका पाठावरून पाहता येते.

तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीजवळून कासाडी नदी वाहते. तिच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला. पर्यावरणाचा धडा शिकवताना शिक्षकाला जपानमधले मिनामाता आठवावे, हे स्वाभाविक आहे. क्यूशू बेटावरच्या कुमामोतो प्रांतातले हे मासेमारी करणारे गाव. चिस्सो कंपनीच्या रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्यातून पारा खाडीत गेला, माशांत साठला आणि माशांतून माणसांत आला. १ मे १९५६ रोजी या आजाराची पहिली अधिकृत नोंद झाली. सांडपाणी हेच कारण आहे असे जपान सरकारने १९६८ मध्ये जाहीर केले. कंपनीवर जबाबदारी टाकणारा न्यायालयाचा निकाल १९७३ मध्ये लागला. पाऱ्याच्या वापरावर निर्बंध घालणारा आंतरराष्ट्रीय करार २०१३ मध्ये झाला आणि त्याला मिनामाताचेच नाव दिले गेले.

एवढी माहिती गूगल अर्ध्या मिनिटात देते. पुढे काय? प्रशिक्षण नसलेला शिक्षक कासाडी म्हणजे तळोज्याची मिनामाता असे फळ्यावर लिहील. ते चुकीचे आहे. मिनामातात एका धातूचा एका आजाराशी असलेला संबंध वर्षानुवर्षांच्या तपासणीतून सिद्ध झाला. दुसऱ्या ठिकाणी तसा संबंध सिद्ध झालेला नसताना तो गृहीत धरायला शिकवणे म्हणजे विज्ञानाचा आणि नागरिकत्वाचा एकाच तासात अपमान करणे. प्रशिक्षित शिक्षक उलट दिशेने जाईल. १९५६ ते १९६८ ही बारा वर्षे का लागली? मासेमार, डॉक्टर, कंपनी आणि सरकार या चौघांनी त्या काळात काय काय म्हटले? त्यांतले आज कुठे वाचायला मिळते? आणि आपल्या नदीच्या पाण्याचे अहवाल कोण तयार करते, ते कुणाला पाहता येतात? नववीच्या मुलांना हे प्रश्न पेलतात. ते विचारण्याआधी कंपनीचे संकेतस्थळ, सरकारी संस्थेचे पान, पीडितांच्या संघटनेचे पान आणि कुणीतरी कुठून तरी उतरवून लावलेला मजकूर यांतला फरक शिक्षकाला ओळखता आला पाहिजे.

याच विषयातला दुसरा अडथळा छायाचित्रांचा. यूजीन स्मिथ या अमेरिकन छायाचित्रकाराने १९७१ पासून मिनामातात राहून काढलेली छायाचित्रे जगभर गाजली. त्यांतले सर्वांत प्रसिद्ध छायाचित्र, आजारी मुलीला न्हाऊ घालणाऱ्या आईचे, कुटुंबाच्या इच्छेला मान देऊन अनेक वर्षे नव्याने छापू दिले गेले नव्हते. शोध घेतला की मात्र ते क्षणात पडद्यावर येते. चाळीस मुलांसमोर ते दाखवायचे का, दाखवायचे तर आधी काय सांगायचे, न दाखवता तोच मुद्दा कसा पोचवायचा? डिजिटल फळा याचे उत्तर देत नाही. ज्याला आशियाबद्दल आदराने बोलायचे आहे त्याने या प्रश्नापाशी थांबलेच पाहिजे, आणि थांबायची सवय प्रशिक्षणातच लावता येते.

नावे आणि नकाशे ही आणखी एक बाब, लहान दिसणारी आणि रोज आड येणारी. इंटरनेटवरचा बहुतेक मजकूर युरोप-अमेरिकेच्या जागेवरून लिहिलेला असतो. ‘मध्यपूर्व’ हा शब्द त्यातूनच मराठीत शिरला. तळोज्यापासून कुवेत पूर्वेला नाही आणि मध्येही नाही, पश्चिमेला आहे. पश्चिम आशिया हा सरळ शब्द मुलांच्या तोंडी बसवला की नकाशा आपोआप सुलटा होतो. नकाशांचे तर कायद्याचेही बंधन आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणे हा १९६१ च्या फौजदारी कायद्यातील दुरुस्तीनुसार गुन्हा ठरतो, आणि परदेशी संकेतस्थळांवरचे आशियाचे नकाशे जम्मू-काश्मीर व अरुणाचलच्या सीमा पुष्कळदा वेगळ्या दाखवतात. असा नकाशा प्रश्नपत्रिकेत छापला गेला तर जबाबदारी शिक्षकाची. त्याला हे आधी कुणी सांगायचे?

चौथा आक्षेप प्रशिक्षण झालेच आहे असा. दीक्षा हे शिक्षणाचे ऑनलाइन व्यासपीठ सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झाले. निष्ठा हा शिक्षक प्रशिक्षणाचा राष्ट्रीय कार्यक्रम ऑगस्ट २०१९ मध्ये आला आणि २०२१ मध्ये माध्यमिक शिक्षकांसाठी ऑनलाइन झाला. २०२२ मध्ये राज्यात वरिष्ठ आणि निवडश्रेणीचे प्रशिक्षणही ऑनलाइन घेण्यात आले. या कामाला नावे ठेवण्याचे कारण नाही. टाळेबंदीत शाळा बंद असताना पडद्यासमोर उभे राहून शिकवायला शिक्षक ज्या वेगाने शिकले, त्याची नोंद अजून नीट झालेली नाही. पण या प्रशिक्षणांचा रोख अध्यापनाच्या सर्वसाधारण पद्धतींवर, मूल्यमापनावर, समावेशनावर आणि साधन हाताळण्यावर होता. विषयाचा आशय त्यांत शेवटच्या बाकावर राहिला. शिवाय चित्रफीत चालू ठेवून दुसरे काम उरकता येते आणि शेवटच्या बहुपर्यायी प्रश्नांची उत्तरे व्हॉट्सॲपवर फिरतात, हे शिक्षक खोलीत कुणालाही ठाऊक आहे. प्रमाणपत्र मिळाले म्हणजे प्रशिक्षण झाले, या हिशेबाने मोजले तर महाराष्ट्रात प्रशिक्षणाची कमतरता नाही. शिक्षकाने बदललेला एक पाठ दाखवा असे म्हटले तर चित्र निराळे दिसेल.

ज्या देशांनी हे काम गंभीरपणे केले त्यांनी इंटरनेटपासून सुरुवात केली नाही. अमेरिकेत १९९८ मध्ये फ्रीमन फाउंडेशनच्या पैशातून आशियाविषयक अध्यापनाचा राष्ट्रीय कार्यक्रम उभा राहिला. त्यात शाळांचे शिक्षक विद्यापीठातल्या जाणकारांबरोबर बसून आधी पूर्व आशियाचा इतिहास वाचत, वाद घालत, मग आपले पाठ रचत. कोलंबिया विद्यापीठाने शिक्षकांसाठी मूळ साधने इंटरनेटवर मोफत ठेवली ती या वाचनाला जोड म्हणून. ऑस्ट्रेलियात १९९२ मध्ये मेलबर्नला आशियाविषयक शिक्षणाची संस्था निघाली. २००८ पासून तिने ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशिया इथल्या शाळांच्या जोड्या जमवल्या. आधी शिक्षक एकमेकांच्या शाळेत राहून आले, मग वर्ग पडद्यावरून भेटू लागले. क्रम पाहण्यासारखा आहे. मात्र त्या देशांची नक्कल करायची नाही. त्यांना आशिया ‘पलीकडचा’ म्हणून शिकवावा लागतो. तळोज्याचा शिक्षक आशियाच्या आत उभा राहून बोलतो, आणि त्याच्या प्रशिक्षणाची रचना या फरकावर झाली पाहिजे.

भाषेचा आक्षेप अर्धा खरा आहे. इंटरनेटवरची चांगली साधने इंग्रजीत आहेत, पण मराठीची तिजोरी रिकामी आहे हा समज अज्ञानातून आलेला आहे. मराठी विश्वकोश इंटरनेटवर खुला आहे आणि त्यात आशियातील देशांवर, धर्मांवर, शहरांवर जाणकारांनी लिहिलेल्या नोंदी आहेत. गोव्यातून निघून नेपाळ, सिलोन आणि ब्रह्मदेशात फिरून पाली शिकलेल्या धर्मानंद कोसंबी यांनी मराठीत आत्मकथन लिहिले. पु. ल. देशपांडे यांचे ‘पूर्वरंग’ आणि मीना प्रभू यांची ‘चिनी माती’, ‘तुर्कनामा’, ‘गाथा इराणी’ ही पुस्तके गावोगावच्या वाचनालयांत आहेत. रत्नागिरीत ब्रह्मदेशाच्या थिबा राजाचा राजवाडा आहे. राजा १९१६ मध्ये तिथेच वारला, आणि दिल्लीचा अखेरचा बादशहा बहादूरशहा जफर १८६२ मध्ये रंगूनला. एकाच इंग्रज सत्तेने दोन राजांची केलेली ही अदलाबदल एका पाठात मावते. नागपूरची १९५६ ची धम्मदीक्षा आणि त्याआधीच्या डॉ. आंबेडकरांच्या सिलोन व रंगूनच्या भेटी हा तर महाराष्ट्राने स्वतः आशियाशी साधलेला सर्वांत मोठा संवाद आहे. शिक्षकाने तो फक्त तारखेपुरता सांगितला तर विद्यार्थी फार मोठ्या गोष्टीला मुकतो.

यातही तपासणीचे शिक्षण हवेच. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. बहुतेकांना ते व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटातून माहीत असतात. चित्रपटातले काय खरे, चिनी नोंदी काय सांगतात, सोलापूरच्या स्मारकात काय जपले आहे, हे तीन बाजूंनी पाहणे नववीच्या वर्गाला जमते. चिनी पानांचे यंत्राने केलेले भाषांतर वाचायचे तर त्यावर किती विसंबायचे, विशेषनामे आणि आकडे दुसऱ्या पानाशी कसे ताडून पाहायचे, हे शिक्षकाला आधी स्वतः करून पाहावे लागते. पनवेल परिसरातल्या उर्दू माध्यमाच्या शिक्षकांकडे तर असे बळ आहे जे मराठी आणि इंग्रजी माध्यमाकडे नाही. ते फारसी-अरबी वळणाची लिपी वाचतात. तेहरानच्या रस्त्यावरची पाटी त्यांना पूर्ण समजली नाही तरी लागते. तिन्ही माध्यमांच्या शिक्षकांना एकत्र बसवले तर दप्तर, हजेरी, तारीख, कागद, शाई या शाळेतल्याच शब्दांचा प्रवास ते एकमेकांना सांगू शकतील.

आता वेळ. शिक्षण हक्क कायद्याचे २७ वे कलम शिक्षकांना अशैक्षणिक कामाला जुंपू नये असे सांगते आणि जनगणना, आपत्ती निवारण व निवडणूक यांचा अपवाद करते. या अपवादांनीच शाळेचे महिने खाल्ले जातात. त्यात माहिती भरण्याची रोजची पोर्टले आहेत. त्यामुळे शिक्षकावर आणखी एक अभ्यासक्रम लादा असे कुणी म्हटले तर त्याला विरोधच केला पाहिजे. पण २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला ५० तासांचे व्यावसायिक प्रशिक्षण आधीच ठरवून दिले आहे. ते तास कशावर खर्च करायचे एवढाच वाद आहे. सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकाचे त्यांतले तीस तास आशियाला देणे शक्य आहे, आणि रायगडची जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था पनवेललाच असल्याने तळोज्याच्या शिक्षकाला दूर जावे लागत नाही.

या तीस तासांची विभागणीही सांगता येते. पहिले दोन दिवस समोरासमोर: वाचन, नकाशे आणि परिसरातला आशिया शोधण्याची एक फेरी, ज्यात न्हावा शेवा, पनवेलचे प्रार्थनास्थळ आणि तळोज्यातले आखाती देशांतून परतलेले कामगार येतील. पुढचे तास पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने ऑनलाइन, लहान गटांत, एकेका साधनाची तपासणी करत. थेट वर्गभेटींचा मोह आवरावा लागेल. चीनमध्ये गूगल बंद आहे, भारताने जून २०२० मध्ये ५९ चिनी ॲप बंद केली, आणि अल्पवयीन मुलांना अनोळखी लोकांशी जोडताना पालकांची संमती लागते. कोलंबो, ढाका किंवा काठमांडूच्या एखाद्या शाळेशी आधी शिक्षकांचा पत्रव्यवहार व्हावा आणि तो मुरला की मुलांचा.

मूल्यमापनासाठी बहुपर्यायी प्रश्न नकोत. प्रत्येक शिक्षकाने एक पाठ प्रत्यक्ष वर्गात घ्यावा. वापरलेली साधने, ती निवडण्याची आणि नाकारण्याची कारणे, आणि मुलांनी केलेले काम एका पीडीएफमध्ये द्यावे. ते दुसऱ्या शाळेच्या शिक्षकाने तपासून त्यावर आपले शेरे लिहावेत. पहिल्या वर्षी वीस शिक्षक आले तरी पुष्कळ आहेत. पुढच्या जूनमध्ये पनवेल तालुक्यातल्या शाळांना मराठीत आणि उर्दूत, वर्गात वापरून पाहिलेले वीस पाठ हाताशी असतील.